टोकन एकतीस

अण्णांची पिशवी आधी भाजीची होती.
आता तिच्यात गोळ्या असतात.
गंगापूर रोडच्या हृदयाच्या सहा,
मुंबई नाक्याच्या किडनीच्या चार,
कॉलेज रोडच्या गुडघ्याची एक, जेवणानंतर,
आणि एक झोपेची, जी कुणी लिहून दिली
ते आता कुणालाच आठवत नाही.

नोटांच्या प्रेसमध्ये अण्णांनी तेहतीस वर्षं मोजणी केली.
एक नोट कमी भरली तर
सगळी पाळी उपाशी थांबायची, म्हणतात.
गोळ्याही ते तशाच मोजतात,
अंगठा ओला करून.
बेरीज दर वेळी वेगळी येते.

हृदयाचे डॉक्टर वाईट नाहीत, हे आधी सांगतो.
दोन वर्षांमागे, मार्गशीर्षात, पहाटे तीनला
अण्णांच्या पाठीत कळ आली
तेव्हा तेच आले होते, स्वेटर उलटा घालून.
मनगटातून तार आत सारली
आणि पडद्यावर बोट ठेवलं, "ही बघा, इथे बंद होती."
माझ्या बापाच्या आतली एक गल्ली
मी पहिल्यांदाच बघितली.
त्याच कळेला आदल्या संध्याकाळी
गांगुर्डेबाई गॅस म्हणाल्या होत्या.
पुढे कितीतरी दिवस आल्या-गेल्याला सांगत राहिल्या,
"चुकले मी. ओवा कसला देत बसले."

पण पाय सुजले तेव्हा
हृदयवाले म्हणाले, किडनीला विचारा.
किडनीवाले म्हणाले, रिपोर्ट उत्तम आहे, हृदयाला दाखवा.
द्वारका चौकात रिक्षा अडकलेली,
अण्णा म्हणाले, "माझे पाय कुणाच्या वाट्याला आलेत
ते एकदा वाटणीपत्रात बघून घे."

देवळाली गावात, पिठाच्या गिरणीवर, बाईंचा दवाखाना.
अकरा पायऱ्या. बाई दारातून बघायच्या,
म्हातारं माणूस कितव्या पायरीला थांबतं.
निम्मी तपासणी तिथेच व्हायची.
उरलेली, पिशवी टेबलावर उपडी करून.
"ही आणि ही एकच बाई आहे हो,
एक माहेरचं नाव, एक सासरचं."
एक गेली.
"ही रात्री उठवते, ही झोपवते,
आणि या दोघींच्या भांडणात तुम्ही मोरीपाशी पडता."
तीही गेली, पण आधी गंगापूर रोडला फोन लावून,
वीस वर्षांनी लहान माणसाला "सर, सर" म्हणत.
अण्णा त्यानंतर पडले नाहीत.
एवढं मी लिहून ठेवलंय, तारखेसकट.

आणि दर वेळी, नाडीवरची बोटं न काढता,
"जेवायला सोबत कोण असतं?"
अण्णा माझ्याकडे बघायचे.
मी औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे.

काल गंगापूर रोडला, निळ्या खुर्च्यांत,
समोर गांगुर्डेबाई.
मांडीवर फाईल, फाईलला टोचलेलं टोकन एकतीस,
पायाशी पिशवी. तीही भाजीचीच.
दिवाळीत दवाखाना बंद केला, म्हणाल्या, जिना चढवेना.
आधी पाचव्या पायरीला थांबत होते,
मग तिसऱ्या.
मोजत होतेच की मी.

खुर्च्या जमिनीला बोल्टने बसवलेल्या, ओढता येत नाहीत.
अण्णा गुडघा धरून उठले,
बाईंच्या शेजारी जाऊन बसले,
थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"बाई, जेवायला सोबत कोण असतं?"

बाई हसल्या.
हसू चेहऱ्यावर राहिलं, त्या मात्र तिथे नव्हत्या.
तेवढ्यात पडद्यावरचा आकडा बदलला.
त्या आत गेल्या. पिशवी तशीच राहिली.
अण्णांनी ती उचलून मांडीवर घेतली,
अंगठा ओला केला
आणि मोजायला सुरुवात केली.